विहाराची भिंत आणि धम्माचा आवाज
(दवनीवाडा येथे संस्थेच्या सभासद व विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या सचिवांनी मला विषय दिला तो असा : विहाराचे बांधकाम आणि त्यातील ध्वनिचित्र योजना या दोन कामांसाठी जे दोन वेगवेगळे गट नेमले जातात, त्यांचा मेळ कसा घालावा. विषय घरी सांगितला तेव्हा माझी पत्नी म्हणाली, "तुमाले भिंतीत खिळा ठोकता येत नाही, अन् तुमी बांधकामावर बोलनार?" तिचे म्हणणे खरे आहे. मी इंजिनिअर नाही, ठेकेदार नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत क्लार्क आहे. परंतु एका गावी माझी बदली झाली असताना तेथील उपासकांनी मला अशाच एका कामाचा समन्वयक नेमले होते. बँकेचा माणूस म्हणजे हिशेबाला चोख, एवढीच माझी पात्रता. ते काम पुरे झाले, विहार उभा राहिला, पण त्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. आपल्या संस्थेने आता सभागृहाचा विचार चालविला आहे, तेव्हा ती चूक आपल्यापुढे मांडणे मला योग्य वाटते. गावाचे नाव सांगत नाही. तेथील माणसे चांगली होती, चूक माझी होती.

ठरले होते असे. साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद असे सभागृह बांधायचे, त्याच्या पूर्वेकडील अंगाला बुद्धमूर्ती. बांधकाम समितीत वडीलधारी मंडळी : एक निवृत्त गुरुजी, दोन शेतकरी, एक स्वतः गवंडीकाम केलेले काका. दुसरी समिती तरुणांची. तिच्याकडे माईक, स्पीकर, प्रोजेक्टर आणि पडदा ही व्यवस्था होती. त्याशिवाय एक सुंदर काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतले होते. १९५६ साली नागपूरला दीक्षेला गेलेली जी माणसे गावात व आसपास हयात होती, त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून चित्रित करायच्या आणि उद्घाटनाच्या दिवशी त्या सर्वांना दाखवायच्या.

मी दोन वह्या केल्या. एक बांधकामाची, एक ध्वनिचित्राची. दोन्हींत जमा-खर्च वेगळा, सभा वेगळ्या, सभांचे वारही वेगळे. बांधकाम समिती बुधवारी बसे, तरुण मंडळी रविवारी. मला वाटे, किती छान शिस्त आहे! दोन्ही वह्यांचा हिशेब पैशाला पैसा जुळत होता. पण या वहीतले त्या वहीला ठाऊक नव्हते.

आपल्या भागात स्लॅबचे काम रोवणीच्या आधी उरकावे लागते, हे आपणांस सांगायला नको. एकदा धानाची रोवणी लागली की मजूर बांधीत, आणि आपण मोकळ्या सेंट्रिंगकडे पाहत बसतो. त्या वर्षी आभाळ लवकर भरून आले. मिस्त्री म्हणाला, चार दिवस आधीच टाकून घेऊ, नाहीतर महिना जाईल. बुधवारच्या सभेत काकांनी होकार दिला, मीही दिला. शुक्रवारी पहाटे मिक्सर लागला आणि संध्याकाळपर्यंत स्लॅब पडला. रविवारी तरुण मंडळी गोंदियाहून पाईपचे बंडल घेऊन आली. स्लॅबमधून स्पीकरच्या आणि प्रोजेक्टरच्या तारा नेण्यासाठी ते पाईप काँक्रीट पडण्यापूर्वी सळ्यांच्या जाळीत बांधायचे होते. पोरे वर बघतच राहिली.

विद्यार्थी मित्रांसाठी सांगतो. सिमेंटला पाणी लागले की अर्ध्या तासानंतर ते केव्हाही धरू लागते आणि दहा तासांच्या आत पक्के बसते. त्यानंतर पुढचे दहा-पंधरा दिवस आपण त्यावर पाणी मारतो ते त्याला बळ यावे म्हणून. त्याचा आकार बदलण्याची वेळ केव्हाच निघून गेलेली असते. पंख्यांसाठी मिस्त्रीने नेहमीच्या सवयीने पाईप टाकले होते, तेवढेच. मग काय केले? माईकची तार पंख्यांच्या तारेबरोबर एकाच पाईपातून ओढली. विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे होतो, आणि शेजारून जाणारी माईकची बारीक तार त्याची गुणगुण उचलते. उद्घाटनापर्यंत त्या स्पीकरमधून भुंगा गुणगुणावा तसा आवाज येत होता. शेवटी नव्या प्लास्टरवर छिन्नी चालवून वेगळी तार न्यावी लागली. गुरुजी पोरांवर रागावले, पोरे काकांवर रागावली, आणि मला दोन्हीकडून ऐकावे लागले. माझे ऐकून घेणे योग्यच होते.

पण ज्याला मी मोठी चूक म्हणतो, ती ही नव्हे. तिच्याकडे मी येणार आहे.

मला नंतर एका जाणकार भंतेजींनी विनयपिटकातील एक प्रसंग सांगितला. चुल्लवग्गात तो आहे, प्रसंग वैशालीचा. एक गरीब शिंपी होता. त्याला वाटले, आपणही भिक्खुसंघासाठी एक विहार बांधावा. त्याने स्वतःच चिखल तुडवला, विटा रचल्या, भिंत उभी केली. पण तो काही गवंडी नव्हता. भिंत वाकडी गेली आणि कोसळली. दुसऱ्यांदा बांधली, कोसळली. तिसऱ्यांदाही तेच. तो शिंपी चिडून म्हणू लागला की, जे चीवर देतात, भोजन देतात, त्यांच्या कामावर भिक्खू देखरेख करतात, मी गरीब म्हणून मला सांगायला कोणी येत नाही. ही गोष्ट भगवंतांच्या कानावर गेली. त्यांनी शिंप्याला दोष दिला नाही. त्यांनी भिक्खूंना अनुज्ञा दिली की नव्या बांधकामावर एका भिक्खूची नेमणूक करावी, आणि त्या भिक्खूने विहार लवकर पुरा कसा होईल याची काळजी घ्यावी, मोडले-पडले ते नीट करवून घ्यावे. या कामाला पालीत नवकम्म म्हणतात आणि ते करणाऱ्याला नवकम्मिक.

आपण समन्वयक, प्रोजेक्ट मॅनेजर असे शब्द वापरतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचा शब्द आपल्या घरात आहे. आणि त्या नियमात मुदतसुद्धा आहे. लहान विहाराचे नवकम्म पाच-सहा वर्षांसाठी द्यावे, मोठ्या विहाराचे किंवा प्रासादाचे दहा-बारा वर्षांसाठी. म्हणजे मोठे काम लांबणार, हे त्या काळीही गृहीत होते; मात्र कोणाकडे आहे आणि कधीपर्यंत आहे, हे ठरलेले असे.

ही गोष्ट केवळ ग्रंथात राहिलेली नाही. मध्य प्रदेशातील सतनाजवळ भारहुत येथे जो स्तूप होता, त्याच्या कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत इसिपालित नावाच्या भदंतांचे नाव आहे आणि त्यांची ओळख दोन शब्दांत दिली आहे : भाणक आणि नवकमिक. भाणक म्हणजे सुत्ते मुखोद्गत ठेवून ती लोकांपुढे म्हणणारा. लेखन रुळण्यापूर्वी धम्म ज्यांच्या कंठात टिकून राहिला ते हे लोक. आजच्या भाषेत बोलायचे तर बांधकामावर देखरेख आणि धम्माच्या आवाजाची जपणूक, दोन्ही एकाच माणसाकडे! तेथे बुधवारची सभा वेगळी आणि रविवारची वेगळी, असे झाले नसावे. हा माझा तर्क आहे, आपण तो विनोद म्हणून घ्यावा.

सांचीच्या दक्षिण तोरणावर लिहून ठेवले आहे की हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी केले. हस्तिदंतावर बारीक नक्षी करणारे हात दगडावर चालले, आणि दगडाने त्यांचे नाव जपले. कार्ल्याच्या चैत्यगृहात आपण सहलीला जातो, मूर्तीपुढे फोटो काढतो आणि परत येतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा तेथील लेखांविषयी माहिती घेऊन जा. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचे नाव तेथे आहे, खांब कोणी दिले ते खांबावर आहे, धेनुकाकटच्या सुतार सामीने दाराचे काम केले ते दाराशी आहे. एक गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा, त्याचेही नाव आहे. एकशे चोवीस फूट लांबीचे ते लेणे एकाच डोंगरातून कोरलेले आहे, तेथे चुकलेला दगड पुन्हा बसवता येत नाही. अशा कामात व्यापारी, सुतार, अत्तरवाला, भिक्खू एकत्र राहिले.

आणि इतक्या दूर कशाला? आपल्या वैनगंगेच्याच काठी पवनी आहे. भंडारा जिल्ह्यात आज पवनी आहे, आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा निघाला तेव्हापर्यंत तो आपलाच जिल्हा होता. तेथे १९६९-७० साली जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले आणि प्राचीन स्तूप निघाला. त्याच्याही कठड्यावर दात्यांची नावे आहेत. याच नदीचे पाणी पिणारी साधी माणसे होती ती. शाळेच्या सहली पवनीला का जात नाहीत, हा प्रश्न मी येथे बसलेल्या शिक्षकबांधवांना नम्रपणे विचारतो.

आता नागपूरकडे वळतो. पूज्य बाबासाहेबांनी २३ सप्टेंबर १९५६ रोजी पत्रक काढून जाहीर केले की १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा घेणार. मध्ये एकवीस दिवस. बँकेत आम्हाला एक नवे काउंटर सुरू करायला यापेक्षा जास्त दिवस लागतात. नागपूरच्या भारतीय बौद्ध जन समितीकडे, तिचे सचिव वामनराव गोडबोले यांच्याकडे, ही सारी व्यवस्था होती. जागा, मंडप, पाणी, स्वयंसेवक, कुशीनाराहून येणारे पूज्य भदंत चंद्रमणी महास्थविर, आणि लाखोंच्या समुदायाला प्रतिज्ञा ऐकू जाव्यात यासाठी ध्वनिक्षेपक. तेव्हा मोबाईल नव्हता, गावोगावी टेलिफोन नव्हता. तरीही बावीस प्रतिज्ञा मैदानात ऐकल्या गेल्या आणि लोकांनी त्या मोठ्याने म्हटल्या. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, बाबासाहेबांचे जे प्रदीर्घ भाषण झाले, ते आपण आज वाचू शकतो, कारण २७ ऑक्टोबरच्या 'प्रबुद्ध भारत'मध्ये ते छापले गेले. मंडप उभारणाऱ्यांनी आपले काम केले आणि शब्द टिपणाऱ्यांनी आपले. दीड-पावणेदोन महिन्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. टिपून ठेवायचे काम 'नंतर पाहू' म्हणून सोडले असते तर?

त्याच दीक्षाभूमीवरच्या स्तूपाचे काम जुलै १९७८ मध्ये सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. वास्तुविशारद शिवदानमल यांनी त्याची आखणी केली. एकशे वीस फूट व्यास, जवळपास तितकीच उंची, आणि आतून पोकळ. तेवीस वर्षे! ज्याने विशीत तेथे वर्गणी दिली, त्याने त्रेचाळिसाव्या वर्षी आत पाऊल ठेवले. विनयातली दहा-बारा वर्षांची मुदत येथे दुपटीने ओलांडली गेली, पण लोकांचा विश्वास ढळला नाही, कारण काम आपले आहे असे प्रत्येकाला वाटत होते. याच्या उलट अनुभव याच जागेवर आला. दीक्षाभूमीच्या परिसरात भूमिगत वाहनतळाचे काम सुरू झाले, खोदकामाने स्तूपाला धक्का बसेल अशी भीती पसरली, आणि १ जुलै २०२४ रोजी मोठा जमाव जमून तेथील बांधकामाची मोडतोड झाली. त्याच दिवशी शासनाने कामाला स्थगिती जाहीर केली. मोडतोडीचे समर्थन मी करीत नाही. नकाशा बरोबर होता की चूक, हे तंत्रज्ञ सांगतील. परंतु ज्या जागेवर लोकांची श्रद्धा आहे, तेथे पहिली कुदळ पडण्यापूर्वी लोकांना नकाशा समजावून सांगणे हासुद्धा बांधकामाचाच भाग आहे, हे मला त्या दिवशी टीव्हीपुढे बसून कळले.

आता आवाजाविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण आपल्या सभांत यावर कोणी बोलत नाही. आपण विटा किती, सिमेंटच्या गोण्या किती, ग्रॅनाईट कोणत्या रंगाचा, यावर तासन्‌तास बोलतो. सभागृह ज्यासाठी बांधतो ते ऐकणे. त्याची चर्चा होत नाही.

मी सांगितलेल्या त्या सभागृहात उद्घाटनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली. अंगावर शहारे आले. आवाज असा घुमत होता की लेण्यात बसल्यासारखे वाटले. काका मला म्हणाले, "पहा, कसा हॉल झाला!" पुढच्या रविवारी तीसेक माणसांपुढे एका प्राध्यापकांचे व्याख्यान ठेवले. मागच्या अर्ध्या लोकांना एक वाक्य धड कळले नाही. एक शब्द संपायच्या आत मागच्या शब्दाचा घुमारा त्याच्यावर येऊन पडत होता. तरुणांनी आवाज वाढवला, तर माईक शिट्टी मारू लागला. सर्वांनी स्पीकरच्या कंपनीला दोष दिला. दोष भिंतींचा होता.

हे कोडे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये पडले होते. तेथील फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात कोणाचेच बोलणे कळेना. सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. त्यांनी रात्री, सारे सामसूम झाल्यावर, दुसऱ्या सभागृहातल्या गाद्या उचलून आणल्या आणि गाद्या वाढवीत-कमी करीत आवाज किती वेळ रेंगाळतो ते घड्याळावर मोजले. रिकाम्या खोलीत तो सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. त्यांतून त्यांनी एक साधा नियम काढला. सभागृहाचे घनफळ जितके मोठे तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि आवाज पिणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका कमी. मोजण्याचे माप त्यांनी उघड्या खिडकीचे घेतले. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे पूर्ण एक माप.

आपण आपल्याच सभागृहाचा ढोबळ हिशेब करू. साठ गुणिले चाळीस, उंची चौदा फूट : ३३,६०० घनफूट. फरशी, छत आणि चार भिंती मिळून ७,६०० चौरस फूट. फरशी चकचकीत, भिंती गुळगुळीत, छत सिमेंटचे. असा पृष्ठभाग शंभरातला साधारण तीन भाग आवाज पितो. म्हणजे २२८ मापे. नियमाप्रमाणे घनफळाला ०.०४९ ने गुणून मापांनी भागायचे. उत्तर येते सात सेकंदांच्या वर. आता तीस माणसे बसवा. दर माणशी पाच मापे धरली तर दीडशे वाढली. तरी सव्वाचार सेकंदांच्या वरच. दोनशे माणसे बसवा, एकदम सव्वा सेकंदाच्या थोडे पुढे. भाषण समजण्यासाठी एक सेकंदाच्या आसपास हवे असते. म्हणजे बंधू-भगिनींनो, जयंतीच्या दिवशी आपला हॉल उत्तम, आणि वर्षाचे बाकीचे एकावन्न रविवार बहिरा! आणि आपण हॉलची परीक्षा जयंतीच्या दिवशीच घेतो.

वंदना चांगली वाटली त्याचे कारणही यातच आहे. संथ, एका सुरात, सर्वांनी मिळून म्हटलेल्या गाथांना घुमारा गोड करतो. भाषणाला तोच घुमारा मारक. म्हणून आधी विचारायचे की येथे काय होणार. मुंबईला गोराई येथील विश्व विपश्यना पॅगोडाचा घुमट आतून सुमारे दोनशे ऐंशी फूट रुंद आहे, मध्ये एकही खांब नाही, आठ हजार साधक बसतात. २००९ मध्ये तो खुला झाला. तेथे मुख्य काम मौनाचे. विपश्यनेच्या शिबिरांत गोयंका गुरुजींची प्रवचने रेकॉर्डवरून ऐकवतात, इगतपुरीसारख्या केंद्रांत वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून. गुरुजी २०१३ साली गेले, आवाज आजही तोच आहे. गोव्यातील बॉम जेझू या चर्चमध्ये प्रवचनाचा जो लाकडी उंच ओटा भिंतीला लावलेला आहे, त्याच्या डोक्यावर लाकडी छत्र आहे. माईक नसताना बोलणाऱ्याचा शब्द वर घुमटात न जाता समोरच्या लोकांकडे यावा, ही अशा छत्राची सोय. १६०५ साली ते चर्च पुरे झाले. दुसऱ्याच्या धर्मस्थळातून शिकण्यात कमीपणा नाही.

उपाय महाग नाहीत, पण ते भिंत बांधण्यापूर्वी सुचले पाहिजेत. मागची भिंत, जी बोलणाऱ्याच्या समोर असते, ती गुळगुळीत ठेवू नये. तेथे जाळीच्या विटा, पुस्तकांची उघडी कपाटे, जाड पडदे असावेत. जमिनीवर सतरंज्या. खिडक्या मोठ्या, आणि सभेच्या वेळी उघड्या. मंचावर दोन मोठे कर्णे लावण्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या थोडे वर लहान लहान कॉलम स्पीकर, तोंड खाली लोकांकडे. त्यासाठी तारा कोठून जाणार हे गवंड्याला ठाऊक हवे. बाहेर कर्णे लावायचे तर लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा २००० सालापासूनचा नियम आहे. तो आपण पाळावा, शेजारी परीक्षेचा अभ्यास करणारे पोर आपलेही असू शकते.

आता त्या मोठ्या चुकीकडे येतो.

त्या गावात एक आजी होत्या. सारे गाव त्यांना आई म्हणायचे. १९५६ साली त्या दहा वर्षांच्या होत्या आणि वडिलांबरोबर नागपूरला गेल्या होत्या. तरुणांनी त्यांचे चित्रण ठरवले. आईंनी सांगितले, नव्या विहारातच बोलेन, मूर्तीच्या जागेजवळ बसून. पोरांना आनंद झाला. दिवस ठरला, मला कळवले, मी रविवारच्या वहीत लिहिले. त्याच दिवशी फरशीचे काम होते, ते बुधवारच्या वहीत होते. मी दोन वह्या शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. पोरांनी फरशीवाल्याला थांबण्याची विनंती केली. तो म्हणाला, मी रोजीवर आहे, मला ठेकेदाराने सांगितले आहे, समन्वयकांना विचारा. मी त्या वेळी बँकेत काउंटरवर होतो, महिन्याची पहिली तारीख, पेन्शनरांची गर्दी, फोन उचलला नाही. आई दीड तास बोलल्या. कॅमेऱ्यासमोर, रिकाम्या घुमणाऱ्या हॉलमध्ये, शेजारच्या खोलीत कटर चालू असताना. पोरांनी विचार केला, पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊ. पुढच्या आठवड्यात आई आजारी पडल्या, आणि उद्घाटन त्यांनी पाहिले नाही.

ते चित्रण मी पुष्कळ वेळा ऐकले आहे. चेहरा स्वच्छ दिसतो. हात हलतात. एकदा त्या हसतात, एकदा पदर डोळ्यांना लावतात. आवाज मात्र कटरचा. मध्ये कटर थांबतो तेव्हा चार-दोन शब्द लागतात : "बाबा म्हनाला...", "पांढरं लुगडं...", "तहान...". पांढऱ्या लुगड्याचे काय झाले, तहान कोणाला लागली, कोणी पाणी दिले, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. ज्या पोराने कॅमेरा धरला होता, तो माझ्याशी कधी वाईट बोलला नाही. तो फक्त म्हणाला, "साहेब, तुमी फोन उचलला असता तर."

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. व्हाउचर एक जण लिहितो, दुसरा तपासून सही करतो. रोख मिळवल्याशिवाय आम्ही घरी जात नाही. हे सारे मी रोज करतो, आणि विहाराच्या कामात ते मला सुचले नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते. म्हणून आपल्या संस्थेला माझी विनंती अशी आहे. वही एकच ठेवा. डाव्या पानावर बांधकाम, उजव्या पानावर ध्वनिचित्र, तारीख मध्ये एक. कोणत्याही गटाने दिवस बदलला तर दुसऱ्या गटाच्या एकाची सही झाल्याशिवाय तो बदल धरू नये. मग आभाळ भरून येवो की रोवणी लागो. सही करणारा माणूस गावातच राहणारा असावा, माझ्यासारखा काउंटरवर अडकलेला नसावा. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी तरुणांतील एकाने मिस्त्रीबरोबर सेंट्रिंगवर चढून पाईप हाताने मोजावेत. आणि नवकम्मिक एक असावा, दोन नव्हे. तो महिला मंडळातील असल्यास मला अधिक आनंद होईल. आमच्या त्या गावात रोवणी कधी लागणार आणि मजूर कोणत्या दिवशी सुटणार हे बायाबापड्यांना बरोबर ठाऊक होते, पण दोन्ही समित्यांत एकही बाई नव्हती.

दुसरी विनंती विद्यार्थी मित्रांना. आठवणी टिपण्यासाठी सभागृह पुरे होण्याची वाट पाहू नका. ते काम बांधकामाच्या आधी करा. चांगला आवाज मोठ्या हॉलमध्ये मिळत नाही. तो लहान खोलीत मिळतो, जेथे गाद्या, गोधड्या, कपड्यांची दोरी आणि धानाची पोती असतात. सॅबिनसाहेबांच्या गाद्या आपल्या घरोघरी आहेत. पंखा बंद करा, कोंबड्या बाहेर हाकला, मोबाईल बोलणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा, आणि मध्ये बोलू नका. ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती लगेच करा, एक संस्थेकडे, एक त्या घरच्यांकडे. नाव, गाव, तारीख सुरुवातीलाच बोलून घ्या. १९५६ साली जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत.

येथे येण्यापूर्वी मी अध्यक्ष महोदयांना विचारून घेतले आहे. दवनीवाडा आणि आसपासच्या गावांतील अशा व्यक्तींची यादी करण्यासाठी बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. ती एकच वही आहे. आपल्या माहितीत कोणी आजी-आजोबा असतील तर जाताना त्यांचे नाव, गाव आणि त्यांना केव्हा वेळ असतो ते लिहून जावे. पहिले नाव मी लिहिले आहे, माझ्या मोठ्या आत्याचे. तिच्याकडे येत्या रविवारी सकाळी जायचे आहे. ज्या विद्यार्थ्यांना यायचे असेल त्यांनी आठ वाजता बसस्टँडवर भेटावे. मी त्या दिवशी फोन चालू ठेवणार आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!